महासाथीतले मीम्स हे इतिहासाचे साधन आहे का? (थ्रेड)

१/ १८९७च्या पुण्यातील प्लेगचा अभ्यास करायचा, तर सरकारी अहवाल आहेत, वृत्तपत्रे आहेत, रँडच्या खुनाच्या खटल्याची कागदपत्रे आहेत. पण घरझडती घेऊन शिपाई निघून गेल्यावर वाड्यात कोणी साहेबाची नक्कल केली आणि कोण हसले, याची नोंद जवळपास नाही.

२/ २०२०चे तसे नाही. कोरोनाकाळातील विनोद आजही असंख्य फोनमध्ये पडून आहेत. माझ्या मते ते या काळाचे अस्सल साधन आहे. मात्र बखरीला विचारतो तसे प्रश्न त्यालाही विचारायला हवेत.

३/ पहिला प्रश्न तारखेचा. फेब्रुवारी २०२०मध्ये गेटवे ऑफ इंडियापाशी रामदास आठवले यांनी 'गो कोरोना गो' अशी घोषणा दिली. मार्चमध्ये ती चित्रफीत देशभर फिरली, तिची गाणी झाली. एप्रिल २०२१मध्ये त्याच फोनवर खाटा, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर यांसाठी याचना येत होत्या. २१ एप्रिलला नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या गळतीनंतर वीसहून अधिक रुग्ण दगावले. घोषणा तीच, पण आता ती ऐकून हसू येईना. तारखेविना मीम वाचणे म्हणजे अर्धेच वाचणे.

४/ दुसरा प्रश्न : हसणारा कोण? दालगोना कॉफी, वर्क फ्रॉम होम, रात्री आठच्या भाषणाची धास्ती. या विनोदांत घर, पगार आणि डेटा पॅक गृहीत धरलेला आहे. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे, गावी पायी निघालेले १६ मजूर रुळांवर मालगाडीखाली सापडले. पायी चालणारेही वाटेत एकमेकांची थट्टा करीत असतील. ती आपल्या फॉरवर्डांत आली नाही.

५/ तिसरा प्रश्न : हसले कोणाला? सत्तेवरच्या विनोदाने हतबल माणसाला धीर दिला, हे खरेच. पण त्याच काळात तबलिगी जमातीच्या निमित्ताने साऱ्या मुसलमानांवर मीम्स निघाले. ईशान्येकडील तरुणांना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हिणवले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगच्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. निकाल लागला, पण फिरलेले मीम्स कोणी मागे घेतले नाहीत.

६/ म्हणून 'विनोदाने आपल्याला तारले' हे वाक्य मला अपुरे वाटते. विनोदाने काहींना तारले आणि काहींना एकटे पाडले. पुष्कळदा एकाच ग्रुपवर, एकाच दुपारी.

७/ एक विनंती. फोन रिकामा करण्यापूर्वी त्या दिवसांतील मीम्स तारखेसह जपा. कोणत्या प्रकारच्या ग्रुपवर आले, कोण हसले, कोण गप्प राहिले, हे लिहून ठेवा. खाजगी नावे मात्र वगळा. आणि जे आज पाहून लाज वाटते, ते आधी जपा. कारण सर्वांत आधी तेच पुसले जातील. (समाप्त)