मुलांना खिडकीबाहेर पाहू द्या

पावसाळा सरत आला की पालघर, बोईसर, तारापूर परिसरातील वस्त्यांमधून गाड्यांची जुळवाजुळव सुरू होते. अशोक विजयादशमीला नागपूर, 6 डिसेंबरला चैत्यभूमी, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 20 मार्चला महाड. चैत्यभूमीला रेल्वेने जाता येते. बाकी ठिकाणी मात्र चार घरे मिळून जीप नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात, वर्गणी काढतात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या लेकरांपर्यंत सगळे त्यात बसतात. ही आपल्या समाजाची रीत आहे आणि ती अभिमानाची आहे. परंतु गेल्या काही वर्षांत या गाड्यांच्या आत जे चित्र दिसते, त्याविषयी आज आम्हाला लिहायचे आहे. विषय घरगुती वाटेल. पण तो चळवळीचाच आहे.

आम्ही 2024 च्या अशोक विजयादशमीला बोईसरहून नागपूरला निघालो. गाडीत नऊ मोठी माणसे आणि पाच मुले. एमआयडीसीची धुराडी मागे पडतात न पडतात तोच मुलांची कुरकुर सुरू झाली. 'अजून किती लांब?' हा प्रश्न चिल्हार फाटा येईपर्यंत चारदा विचारून झाला. शेवटी वैतागून आम्हीच आमचा मोबाईल नातवाच्या हातात दिला. ते पाहून बाकीच्या पालकांनीही आपापले मोबाईल दिले. गाडी एकदम शांत झाली. कसारा घाटात दोन मुलांना उलट्या झाल्या, तेवढाच काय तो गलका. इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढलो आणि गाडी सुसाट निघाली. रात्री उशिरा नागपुरात उतरलो तेव्हा आठ वर्षांच्या नातवाने डोळे चोळत पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, चार्जर कुठाय?"

आठशेच्या वर किलोमीटरचा रस्ता त्या पोराच्या शेजारून गेला. त्याने त्यातले काहीही पाहिले नाही. दोष कोणाचा? त्याचा खचितच नाही. मोबाईल देणारे हात आमचे होते.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सारखा मसूर स्टेशनचा प्रसंग आठवत होता. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत तो स्वतः लिहून ठेवला आहे. साल 1901. भीमराव नऊ वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल म्हणून नोकरीला. सुट्टीत त्यांच्याकडे जायचे म्हणून साताऱ्याहून घरातली मुले निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, नवे बूट. आगगाडी त्यांनी आधी कधी पाहिलीही नव्हती. त्या प्रवासाचा आनंद काय वर्णावा! मसूरला उतरले तेव्हा न्यायला कोणी आलेले नव्हते, आणि मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर. तेही गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर. शिदोरी होती, पण प्यायला पाणी कोणी देईना. लेकरांनी ती रात्र तहानेने काढली.

आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी आणखी एका प्रवासाची हकिगत दिली आहे. 1934 साली सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. नाशिकहून औरंगाबादकडे जाताना वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ धुवावी म्हणून काहींनी तिथल्या हौदात तोंड धुतले आणि हौद बाटवला म्हणून गहजब झाला.

आज आपली पोरे एसी गाडीतून, पाण्याच्या सीलबंद बाटल्या घेऊन, कुठल्याही धाब्यावर थांबत जातात. हा रस्ता आपल्याला कोणी दान दिलेला नाही. चवदार तळ्यापासून लढून तो मिळवला आहे. ज्या मुलाला हे ठाऊक नाही ते मूल दीक्षाभूमीवर जाऊन फक्त गर्दी पाहून येणार. आणि हे त्याला सांगायचे केव्हा? घरात वेळ आहे कुठे? तारापूर एमआयडीसीतला बाप तीन पाळ्यांत आणि ओव्हरटाइममध्ये अडकलेला. आई घरकाम आणि नोकरीत. आजी एका कोपऱ्यात, टीव्ही दुसऱ्या कोपऱ्यात. तीन पिढ्या बारा-पंधरा तास गुडघ्याला गुडघा लावून बसतात, अशी जागा आता एकच उरली आहे, ती म्हणजे प्रवासाची गाडी. नेमके तेच तास आपण मोबाईलला देऊन टाकतो.

आमचा रोख मोबाईलवर नाही, हे आधीच स्पष्ट करतो. 2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा आपल्या वस्त्यांतल्या आयाबहिणींनी उसनवारी करून मोबाईल घेतले, कारण त्याशिवाय पोरांचा अभ्यास होत नव्हता. ज्या घरात मोबाईल नव्हता त्या घरातले मूल मागे पडले. या यंत्राची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार? थकलेल्या आईने रडणाऱ्या लेकराला दहा मिनिटे गाणे लावून दिले म्हणून तिला बोल लावणारे आम्ही नव्हे. पण शिकण्यासाठी हातात दिलेला मोबाईल आणि गप्प बसवण्यासाठी हातात दिलेला मोबाईल यांत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितले आहे की दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून तासाभराच्या वर नको. आयपॅड बाजारात आणणारे स्टीव्ह जॉब्ज यांनी स्वतःच्या घरात मुलांच्या अशा वापरावर मर्यादा ठेवल्याचे एका पत्रकाराला सांगितले होते. 2014 मध्ये ते न्यूयॉर्क टाइम्सने छापले. बनवणाऱ्यांच्या घरात मर्यादा आणि आपल्या घरात मोकळे रान! ज्ञान एकाच्या घरात आणि करमणूक दुसऱ्याच्या घरात, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. ती नव्या रूपात आपणच का स्वीकारावी?

म्हणून 2025 साली आम्ही ठरवून वेगळे केले. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला होता, त्याने वेळ वाचला असता. पण त्या रस्त्यावर ना गाव लागते ना बाजार. मुलांनी पाहायचे काय? शिवाय नाशिक आणि येवला बाजूलाच राहतात. आम्ही एक दिवस आधी निघालो, जुन्या रस्त्याने छत्रपती संभाजीनगरपर्यंत गेलो, रात्री नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी समृद्धीने नागपूर गाठले. गाडीत बसतानाच सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत. चालकाला रस्ता दाखवणारा तेवढा बाहेर. मोठ्यांचेही आत, ही मुख्य अट. बाप रील पाहणार आणि पोराला 'बाहेर बघ' म्हणणार, हे चालायचे नाही.

खरे सांगायचे तर पहिला तास कठीण गेला. धाकटी नात मनोरपासून वाड्यापर्यंत रडली. मग खड्डे मोजायचा खेळ निघाला. शंभरापर्यंत मोजून पोरे दमली आणि हसायला लागली. त्यानंतर गाडी जमली. जे उपयोगी पडले ते सांगतो.

आदल्या दिवशी मुलांना एकेक वही दिली होती. त्यात वाटेत शोधायच्या वीस गोष्टी: निळा झेंडा, विहार, बाबासाहेबांचा पुतळा, भिंतीवरचे वारली चित्र, वीटभट्टी, टोलनाका, बैलगाडी वगैरे. दिसले की खूण करायची आणि गावाचे नाव लिहायचे. मोठ्या मुलांना गाड्यांच्या नंबरांचा खेळ दिला. 48 आपल्या वसई-पालघरचा, 04 ठाण्याचा, 15 नाशिकचा, 20 संभाजीनगरचा, 31 नागपूरचा. अर्धा महाराष्ट्र त्यात पाठ झाला. गावांच्या भेंड्या लावल्या: बोईसर, मग र वरून रामटेक, क वरून कल्याण, आणि ण वरून गाव नाही म्हणून जे भांडण झाले त्यात पाऊण तास सहज गेला. किलोमीटरचा दगड दिसला की 'अजून किती लांब?' याचे उत्तर मुलानेच हिशेब करून द्यायचे. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा, हेही त्यांना तिथेच कळले.

दर दोन तासांनी थांबायचे, मुलांना पळू द्यायचे. चुरमुरे, शेंगदाणे, आवळा जवळ ठेवायचा, तेलकट नको. घाटात कुठलेही वाचन नको, मोबाईल तर नकोच. डोळे पडद्यावर स्थिर आणि शरीर वळणावर हलते, त्यानेच मळमळते. लांब डोंगराकडे पाहायला लावले की उलटी टळते. यंदा कसाऱ्यात कोणालाही त्रास झाला नाही. घाटात गलका मात्र बंद, चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये.

नाशिकला त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या मुले आमच्या आधी चढून गेली. काळाराम मंदिराचा 1930 चा सत्याग्रह, येवल्याची 13 ऑक्टोबर 1935 ची धर्मांतराची घोषणा, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते. इथे ते त्या त्या गावात, पायाखालच्या मातीवर सांगता आले. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांना अक्षरओळख मोठेपणी झाली आणि पाट्या वाचता वाचता ती पक्की होत गेली, हे सांगितल्यावर पहिलीतल्या नातीने वाटेतली एक पाटी सोडली नाही. पुढे गाणी झाली. मुलांना निम्मी येत नव्हती. नागपूर येईपर्यंत आली.

मराठवाड्यात शिरलो तेव्हा सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने शेते पाण्याखाली होती. नातवाने विचारले, "आजोबा, शेतात तळं कसं काय?" त्याला सोयाबीन दाखवले, कुजलेले. शेतमजुराची दिवाळी कशी जाणार, हे त्याला कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागले नाही.

आणि जे आम्ही ठरवले नव्हते ते वैजापूरच्या पुढे घडले. मागच्या सीटवर आमची आई, वय ब्याऐंशी, आदल्या वर्षी चौदा तासांत एक शब्द बोलली नव्हती. तिने आपणहून सांगायला सुरुवात केली. लहानपणी ती याच भागात बैलगाडीच्या मागे चालत बाजाराला जायची. वाटेत विहीर होती. त्या विहिरीवर पाणी मागायचे नाही, असे घरातून निघतानाच बजावलेले असे. एकदा तिची धाकटी बहीण तहानेने रडली, तेव्हा वडिलांनी तिला खांद्यावर घेऊन विहीर मागे पडेपर्यंत धावत नेले. गाडीत कोणी बोलेना. मग नात म्हणाली, "पणजी, माझी बाटली घे." आम्ही साठी ओलांडली, ही गोष्ट आम्हीही प्रथमच ऐकली. आजवर का सांगितली नाही, असे विचारले तर आई म्हणाली, "कोणी विचारलं नाही, बाबा."

बांधवांनो, आपला इतिहास पुस्तकांत आहे त्याहून जास्त अशा तोंडांत आहे, आणि ती तोंडे दरवर्षी कमी होत आहेत.

आपल्याच जिल्ह्यात नालासोपारा आहे. तिथला स्तूप 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला आणि त्याच सुमारास सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो लेख कशाविषयी आहे? प्रवासाविषयीच! पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला यात्रा काढत. आपण मात्र संबोधीला जाऊन आल्यापासून धम्मयात्रा सुरू केली, असे अशोक त्यात सांगतो. या यात्रेत काय करायचे? वृद्धांना भेटायचे, दान करायचे, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे. यातच आपल्याला अधिक आनंद वाटतो, असेही तो म्हणतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हे दगडावर कोरले, तेही आपल्या दाराशी. लांबच्या प्रवासाची मुलांना सवय नसेल तर पहिला प्रवास सोपाऱ्याचाच करावा. बोईसरहून सकाळी निघून संध्याकाळी घरी.

आमचे सगळे यशस्वी झाले असे नाही. वाशिमच्या आसपास धाकटीने पुन्हा हट्ट धरला तेव्हा वीस मिनिटे मोबाईल दिला. त्याने काही बिघडले नाही. नागपुरात दीक्षाभूमीचा घुमट दिसला तेव्हा नातू जागा होता आणि वही उघडून विसाव्या गोष्टीवर खूण करत होता. या वर्षी त्याने चार्जर मागितला नाही. त्याने विचारले, "पणजी इथे पहिल्यांदा कधी आली होती?"

पुढच्या वेळी गाडी ठरवताना वर्गणीच्या हिशेबाबरोबर एवढे ठरवा: मोबाईलची पिशवी कोणाकडे, वह्या कोण आणणार, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला मुलांच्या शेजारची जागा. खिडकी मात्र मुलांची.

जय भीम!