बाळंतपणातलं बीपी विसरू नका

‘बाळंत झाली, सुटली,’ असं वस्तीत म्हणतात. गरोदरपणात बीपी वाढून झटके आलेली बाई एवढ्यात सुटत नाही, असं आम्ही म्हणतो. तिला पुढे हृदयविकार आणि लकव्याचा धोका साधारण दुप्पट असतो. शुगर वाढली असेल, तर पुढे मधुमेह जडू शकतो.

सरकारची बीपी-शुगर तपासणी मोहीम मात्र तीस वर्षांपुढच्यांसाठी. बाविसाव्या वर्षी बाळंत झालेल्या सुनेनं आठ वर्षं वाट बघायची का?

कामगार बायांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बोलले. आता आपण मागू या: ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या पालिका दवाखान्यांत अशा प्रत्येक आईची दरवर्षी तपासणी व्हावी. तोवर गरोदरपणाचं कार्ड फेकू नका. प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

जय भीम!