दोराची गाठ

होटगी म्हणजे सोलापूरहून वाडीकडे जाताना जिथे विजापूर-गदगचा फाटा फुटतो ते जंक्शन. तिथे माझ्या थोरल्या बहिणीचे सासर. लहानपणी भाऊबीजेला गेलो की विहिरीचे पाणी शेंदण्याची मला भारी हौस. दोर पाचसहा हात सोडला की बादली बुडत असे. गेल्या भाऊबीजेला वाकून पाहिले, तर पाणी पार तळाला गेलेले. आणि पावसाळा नुकता कुठे सरला होता!

फराळाला बसलो आणि दाजींनी विषय काढला. दोन बोअर कोरडे गेले होते. आता तिसरा, चांगला चारशे फूट घ्यायचा होता. पैसे भाचीच्या लग्नाच्या ठेवीतले. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागाही दाखवून ठेवली होती.

"मास्तर, नारळ उभा राहिला की हो! खाली नदी वाहतेय म्हणाला."

बहिणीने ताट पुढे सारले आणि हळूच म्हणाली, "तूच सांग बाबा काही."

मी पडलो भूगोलाचा मास्तर. ताटातला चिरोटा उचलला. म्हटले, "दाजी, आपली जमीन अशी पदरापदरांची आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हा उसळला, एकावर एक थर साचले. त्याचाच हा काळा फत्तर. महाराष्ट्राचा पाचातला चार हिस्सा मुलूख याच खडकाचा. यात नदी वाहत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, फत्तराच्या चिरांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पदरात. सलग फत्तर लागला की मशीन घरघरते, धूळ उडते आणि पैसे जातात."

"पण खोल गेल्यावर लागतेच की कुणाकुणाला!"

"लागते. पण ते पुष्कळदा फार दिवसांचे साचलेले असते, नाहीतर शेजारच्या विहिरीकडे जाणारे. खोल गेल्याने पाऊस वाढत नाही, दाजी."

मग पंचांगाच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. आपल्याकडे पाऊस धरा ५५० मिलिमीटर. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात. खडकात मुरतो जेमतेम दहावा हिस्सा, म्हणजे ५५ मिलिमीटर. खडकात पाण्याला जागा शंभराला दोन. म्हणून तेवढ्या पाण्याने विहीर चढते पावणेतीन मीटर, नऊ फूट. वर्षाची कमाई ती एवढी. त्याहून जास्त उपसले, की पुढच्या साली दोर लांबवावा लागणार.

"आणि तुमचा एकरभर ऊस? पाटाने द्यायचे तर पावसाखेरीज दीड मीटरच्या घरात पाणी हवे. ५५ मिलिमीटरने भागून बघा."

भाचीने भागून पाहिले. "सत्तावीस, मामा."

"म्हणजे?" दाजी म्हणाले.

"म्हणजे एका एकराच्या उसाला सत्तावीस एकरांत मुरलेला पाऊस लागतो. तुमचे रान किती?"

"सहा एकर."

बाकीचे एकवीस एकर कोणाचे, ते कोणी विचारले नाही. बांधापलीकडे दाजींच्या चुलतभावाची विहीर आहे. ती आधीच आटलेली. २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरहून, म्हणजे दोनशे फुटांहून खोल विहिरींवर बंधने घातली, त्यामागे हीच गोष्ट आहे. जमीन सातबाऱ्यावर वेगळी होते, खालचे पाणी होत नाही.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाप शाळूच पेरायचा. मातीतल्या ओलीवर यायचा." आणि जरा थांबून, "ठेव राहू द्या. उसाचं खोडवा निघाल्यावर बघू."

एवढ्याने उसाचा मोह सुटला असे मी म्हणणार नाही. रोख पैसा देणारे दुसरे पीक मलाही सांगता आले नाही. पण निघण्यापूर्वी भाचीने विहिरीत दोर सोडला आणि पाणी लागले तिथे गाठ मारली. सरकारची भूजल यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजते. आपली आपण मोजायला कोणाची हरकत आहे?

वाचकहो, घरी विहीर असेल तर या दिवाळीत अशी एक गाठ मारून ठेवा. दुसरी शिमग्याला मारा. दोन गाठींमधले अंतर पाहा, आणि मग काय पेरायचे ते ठरवा.