पंचायतीची उमेदवारी

भंडारा जिल्ह्याचे समाजवादी चळवळीशी नाते जुने आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता येथूनच लोकसभेवर गेले. पुढे १९७७ साली नेमलेल्या पंचायत राज्यविषयक समितीचे ते अध्यक्ष झाले. राजकीय पक्षांनी पंचायतींच्या निवडणुकांत उघडपणे उतरावे, अशी शिफारस त्या समितीने १९७८ मध्ये केली. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक आजही पक्षचिन्हावर होत नाही. तेवढ्याने ती राजकारणाबाहेरची ठरत नाही.

आमचा कार्यकर्ता मोर्चासाठी नागपूर गाठतो, परंतु स्वतःच्या गावी उमेदवारी अर्ज भरण्याची वेळ आली की 'गावात वितुष्ट नको' म्हणून घरी बसतो. ती मोकळी जागा धनवान पटकावतो. उमराणे (नाशिक) आणि खोंडामळी (नंदुरबार) येथे पदांचे लिलाव झाल्याने राज्य निवडणूक आयोगाला जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणुका रद्द कराव्या लागल्या. 'बिनविरोध' या गोंडस शब्दाआड गरिबाचे मत असे विकले जाते.

धानाच्या या जिल्ह्यात मालगुजारी गेली, तलाव राहिले. त्यांतील गाळ कोणी काढावा, पाणी कोणाच्या बांधीत आधी जावे, ढिवरांच्या मासेमारीचे काय, हे सारे वाटपाचे, म्हणजेच अर्थकारणाचे प्रश्न आहेत. ग्रामसभेत ते धसास लावणारा, अंदाजपत्रक वाचून हिशेब मागणारा सदस्य हवा.

तेव्हा आपण होऊन अर्ज भरा. पराभव झाला तरी गावाला निवड करण्याची संधी मिळेल. लोकशाहीचा आरंभ तेथूनच होतो.