स्पेलिंग बरोबर आहे!

परवा घरच्या मंडळींना मेल टाकली की यंदाचा पहिला हापूस आम्ही 'डिगस्ट' केला. पाच मिनिटांत भाचीचा फोन. "मामा, आंबा नासका निघाला का?" तिला वाटलं, मला 'डिसगस्ट' म्हणायचंय.

नाही हो भाचीबाई, स्पेलिंग बरोबर आहे. डिगस्ट म्हणजे सावकाश, लक्ष देऊन चव घेणं. गंमत अशी की किळसवाला डिसगस्टही याच घरातला. लॅटिनमध्ये 'गुस्तुस' म्हणजे चव, दोघांचा आजोबा तोच. आपल्या संस्कृतातला 'जुष्' धातूही त्याच्या भाऊबंदांतला. बिघडलेला नातू जगभर प्रसिद्ध आणि गुणी नातू कुणाला माहीत नाही, असं घरोघरी होतंच म्हणा.

त्यावर दाजींची मेल : "सरळ 'एन्जॉय' लिही की. कशाला शायनिंग?" दाजी, एन्जॉय आपण सगळंच करतो. सिनेमा, गोवा, पाऊस, लग्न... त्यातून आंब्याचं काय झालं ते कळत नाही. 'सेव्हर' चांगला शब्द होता, पण जाहिरातवाल्यांनी पार चोथा केला त्याचा. डिगस्टचंही नाम तेवढं मोठ्या हॉटेलांनी उचललंय : 'डिगस्टेशन मेन्यू'. एकामागून एक चिमूटभर पदार्थ आणि शेवटी ढीगभर बिल. क्रियापद मात्र बेवारस! ते फुकट करता येतं ना, म्हणून.

मराठीत काय म्हणाल? चाखणं म्हणजे आमटीत मीठ पडलंय का बघणं. मिटक्या मारणं जवळचं, पण त्यात आवाज जास्त. 'आस्वाद' अगदी नेमका, तो आपण भाषणांना आणि निमंत्रणपत्रिकांना देऊन टाकला. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्ताने रसाच्या अनुभवाला 'चर्वणा' म्हटलं, म्हणजे चक्क चावणं. जेवणातला शब्द काव्याला उसना दिला तो दिलाच, पानात परत आलाच नाही.

आत्याचं म्हणणं वेगळंच : "जिभेचे चोचले हे सगळे." इथे मात्र मी भांडणार.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला आणि वास गेला. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं बरंचसं नाकाचं काम असतं, हे तेव्हा कळलं. नुसती जीभ खारट, आंबट, गोड, कडू एवढंच सांगते (आणि तो जपानी 'उमामी'). हापूस म्हणजे गोड, गार, बुळबुळीत काहीतरी. बायकोने विचारलं, "कसाय?" मी म्हटलं, "मस्त." अख्खा सीझन खोटं बोललो. जूनच्या शेवटी एका सकाळी स्वयंपाकघरातून हिंगाची फोडणी नाकात आली आणि मी ओट्यापाशी जाऊन नुसता उभा राहिलो.

चोचलेवाल्याला दुसरा आंबा लागतो, आत्या, मग तिसरा. मला परवा एक पुरला. वीस मिनिटं, टीव्ही बंद, कोय अगदी पांढरी होईपर्यंत. यात लाड कुठे आले? लाड तर ते, जे आपण मालिका बघत तीन पोळ्या संपवतो आणि भाजी कुठली होती ते आठवत नाही. परवा मी दाजींना विचारलं होतं. आठवलं नाही!

असो. भाचीबाई, आंबा नासका नव्हता. पेटीत अजून सात आहेत. रविवारी ये, मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवून.