गाळपेरीचे पीक आणि हिवाळी हंस

पावसाळा सरून जलाशयांचे पाणी ओसरू लागले, की यवतमाळ जिल्ह्यातील बेंबळा, अरुणावती, पूस, इसापूर यांसारख्या धरणांच्या काठी काळीभोर ओली जमीन उघडी पडते. तिलाच गाळपेर जमीन म्हणतात. ओल मुबलक असल्यामुळे तिच्यात थोड्या खर्चात हरभरा व गहू येतो. ही जमीन शासनाकडून हंगामापुरती भाडेपट्ट्याने दिली जाते आणि देताना प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. म्हणजे ज्याचे स्वतःचे शेत त्याच पाण्याखाली गेले, तोच पुष्कळदा त्या पाण्याच्या काठी पेरणी करीत असतो. त्याच्या दृष्टीने चार पोती हरभऱ्याचे मोल फार मोठे आहे.

याच सुमारास उत्तरेकडून पाहुणे येतात. अंगाने राखी, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंस म्हणजे पट्टकादंब होय. काही ठिकाणी त्याला राजहंसही म्हणतात. तिबेट, लडाख, मंगोलिया या उंच व थंड प्रदेशांत त्याची वीण होते. हिमालय ओलांडून तो हिवाळ्यात भारतात उतरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातो. तो मुख्यतः गवत व कोवळी पाने खाऊन जगतो. दिवसा पाण्यावर किंवा काठावर विसावा घ्यावा आणि अंधार पडल्यावर थव्याने चरावयास निघावे, अशी त्याची रीत आहे. म्हणूनच सायंकाळी हिरवेगार दिसलेले रान सकाळी खुडलेले आढळते, आणि चोर मात्र दिसत नाही.

या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. हे पक्षी आपले पाहुणे आहेत, तेव्हा थोडे सोसावे, असे एक मत आहे. हा उपदेश सहसा ज्याचे पीक गेलेले नसते तोच करतो. पाहुणचाराचा सगळा भार भूमी गमावलेल्या एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. दुसरे मत असे, की दाण्याला विष चोळून ठेवावे किंवा बार काढून दोन-चार पक्षी पाडावेत, म्हणजे बाकीचे पळतील. हे मत पहिल्याहून अधिक घातक आहे.

पट्टकादंबाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे, हे एक कारण झाले. परंतु कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी विष परवडणारे नाही. काठावर टाकलेला विषारी दाणा गावच्या कोंबड्या खातील, पाण्यावर येणारी गुरे चाटतील, आणि उरलेले विष पाण्यात उतरेल. त्याच पाण्यावर मासेमारी चालते आणि माणसे तहान भागवितात. विषारी औषधांशी निष्काळजीपणा केल्याची किंमत या जिल्ह्याला नवी नाही. २०१७ च्या खरीप हंगामात फवारणीच्या विषबाधेने येथील अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. शिवाय २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, आणि त्यांत पट्टकादंबांचीच संख्या मोठी होती. म्हणून मेलेल्या पक्ष्यास हात लावणे किंवा त्याचे मांस खाणे धोक्याचे आहे. असे पक्षी आढळल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे.

मग उपाय कोणता? तो हंसाच्या स्वभावात सापडतो. अमेरिकेत तळ्याकाठच्या बागांतील हिरवळीवर तेथील कॅनडा जातीचे हंस फार उपद्रव करतात. तेथील अनुभव असा, की अगदी पाण्याला भिडलेले, आखूड व कोवळे गवत हंसाला सर्वांत आवडते. तेथे त्याला चारा मिळतो, चहूकडे दूरवर दिसते आणि भय वाटताच पाण्यात शिरता येते. काठावर उंच गवताचा पट्टा राखला, तर त्याआड शत्रू दडला असेल या शंकेने तो पायी पलीकडे जाण्यास कचरतो. हंस उडून पलीकडे उतरू शकतो, हे खरे. तरी पाणी, चारा आणि मोकळी नजर ही तिन्ही एकत्र न मिळू देणे, हेच या उपायाचे मर्म आहे.

गाळपेरीत नेमके याच्या उलट घडते. पाणी जसजसे मागे हटते तसतसा शेतकरी पुढे सरकून अगदी पाण्याच्या रेघेपर्यंत पेरतो. हा मोह आवरावयास हवा. सर्वांत शेवटी उघडी पडणारी पट्टी उशिरा पेरली जाते. तेथील हरभरा घाटे धरतो तेव्हा ऊन तापू लागलेले असते आणि उतारा कमीच पडतो. अशा पट्टीवर बियाणे घालण्यापेक्षा तेथे आपोआप उगवणारे गवत तसेच राहू द्यावे. हंसाला पाण्यालगत चारा मिळाला, तर वरच्या पिकाकडे जाण्याची त्याची निकड कमी होते. त्या गवताच्या वरच्या अंगाला लव्हाळे किंवा उंच गवत असल्यास ते कापू नये. त्याच्याही वर पीक घ्यावे. थोडक्यात, पाण्याची कड पाखरांना आणि वरचे रान पिकाला, अशी वाटणी करावी.

यानंतर राखणीचा विचार. थवा जेथे पहिले काही दिवस निर्धास्तपणे चरतो, ती जागा तो धरून बसतो. म्हणून थवे दिसू लागताच पहिले दोन आठवडे कसून जागल करावी. पीक पार खाल्ल्यावर मचाण बांधण्यात अर्थ नाही. एकच बुजगावणे उभे करून निश्चिंत होऊ नये, कारण हंस चाणाक्ष आहे आणि चार दिवसांत ते निर्जीव असल्याचे ओळखतो. बुजगावण्याची जागा बदलावी. कधी डबा वाजवावा, कधी विजेरीचा झोत फिरवावा. अरुंद पट्ट्यात गुडघाभर उंचीवर जाड सुतळी आडवी-उभी ताणून तिला कापडाच्या चिंध्या बांधाव्या, म्हणजे थव्याला उतरणे अवघड होते. मांजा किंवा बारीक नायलॉनचा दोरा मात्र वापरू नये, त्यात पक्षी अडकून मरतात. तारेत वीज सोडणे तर माणसाच्याच जिवावर बेतते.

हे काम एकट्याचे नव्हे. एकाने हाकलले तर थवा शेजाऱ्याच्या रानात उतरतो, आणि नुकसान केवळ धुरा ओलांडते. एका काठावरील सर्व गाळपेरदारांनी पाळी लावून जागल केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोड्याच रात्री येतील.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच काठावरील शेतकऱ्यांची बैठक घेऊन कोणती पट्टी सोडावयाची व जागलीची पाळी कशी लावावयाची, हे ठरवून घ्यावे. कोवळे पीक एकदा हलके खुडले गेले, तर ओल असेपर्यंत ते पुन्हा फुटते. तेच रान वारंवार किंवा फुलोऱ्यात चरले गेले, तर नुकसान खरे असते. अशा नुकसानीची तारीखवार नोंद ठेवावी. वन्यप्राण्यांपासून होणाऱ्या पीकहानीच्या भरपाईत रानडुक्कर, रोही व हरीण यांचा विचार होतो. पाण्यावरील पाखरांनी केलेल्या हानीचाही तसाच विचार व्हावा, ही मागणी रास्त आहे, आणि ती नोंदींच्या आधारेच टिकेल.

धरणाने ज्याची जमीन घेतली, त्याच्या काठच्या पिकाचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु ते विषाच्या पुडीने होणार नाही. सोडलेली एक पट्टी, वेळेवरची जागल आणि शेजाऱ्याची साथ यांनीच ते होईल.