दाजींचे घड्याळ

आमच्या दाजींनी आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितले, असे आमच्या घराण्यात कुणालाही आठवत नाही. लग्नात जावयाने रुसायचे असते; हे रुसले नाहीत. उलट, "परवा सेकंड शिफ्ट आहे, जरा लवकर आटपा," एवढेच म्हणाले, अशी आख्यायिका आहे. त्यामुळे गेल्या दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सारून ते जेव्हा म्हणाले, "बापू, मला एकदा प्रागला जायचंय. सोबत येशील?" तेव्हा माझी चकली हातातच राहिली.

"प्रयागला ना? जाऊ की!" मी म्हणालो.

"प्रयाग नव्हे. प्राग. युरोपातलं."

आता ह्याची थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. दाजींनी चिंचवडच्या एका कारखान्यात ३४ वर्षे गिअर कापले. हॉबिंग मशीनवर पोलादाचा गोल गट्टू चढवायचा आणि त्याला दाते पाडून उतरवायचा. ते मशीन झेकोस्लोव्हाकियात बनलेले. पुढे १९९३ साली त्या देशाचे दोन देश झाले, पण मशीन चालूच राहिले. त्याच्याबरोबर कधी काळी आलेले एक कॅलेंडर खात्याच्या भिंतीवर टांगलेले असे. तारखांची पाने केव्हाच फाटून गेली, वरचे चित्र तेवढे उरले. ते होते प्रागच्या जुन्या नगरभवनावरच्या घड्याळाचे. दाजींनी ३४ वर्षे जेवणाचा डबा त्या चित्रासमोर बसून खाल्ला.

निवृत्तीनंतर हे सारे निवून गेले असते. पण माझा भाचा चाकणला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने एका रविवारी त्या घड्याळाच्या पोटातली माहिती शोधून वडिलांपुढे ठेवली. आत एकाच मापाची तीन मोठी चाके आहेत. एकाला ३६५ दाते, दुसऱ्याला ३६६ आणि तिसऱ्याला ३७९. तिघांना एकाच दांड्यावरून गती मिळते. जो काही फरक आहे तो दात्यांचा. ३६६ दात्यांचे चाक सूर्याचा काटा २४ तासांत एकदा फिरवते. ३६५ चे राशिचक्राला फिरवते, ते दर फेरीला चार मिनिटे आधी घरी येते. आणि ३७९ चे चंद्राला. त्याला एका फेरीला २४ तास ५१ मिनिटे लागतात.

दाजींनी हे गणित पाठकोऱ्या कागदावर तीनदा ताडून पाहिले आणि मग मला बोलावून घेतले.

"पौर्णिमेला दिवेलागणीला उगवणारा चंद्र संकष्टीला नऊ-साडेनऊ का वाजवतो? रोज पन्नास मिनिटं मागं पडतो म्हणून. तुझ्या ताईला विचार, सगळा जन्म उपाशीपोटी गच्चीवर काढलाय तिनं. ते पन्नास मिनिटं ह्या माणसांनी दात्यांत बसवलेत. आणि बापू, ३७९ ला कशानंच भाग जात नाही! असला आकडा डिव्हायडिंग हेडच्या नुसत्या प्लेटवर निघत नाही. निराळी चाकं जोडून जुळवावा लागतो. हॉबिंग मशीनचा जन्म व्हायच्या आधी ह्यांनी तो कापला कसा असेल?"

मी जन्मभर बँकेत खाती जुळवली. ३७९ ला भाग जात नाही ह्याचे सुखदुःख मला त्यापूर्वी कधी झाले नव्हते.

ह्यातले काहीच घाईचे नव्हते. घाई निराळीच होती, आणि ती ताईने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितली. दाजींना काचबिंदू झाला होता. बाजूची नजर बरीचशी गेलेली. गेली ती परत येत नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची, असे डॉक्टरांचे म्हणणे. "समोरचं अजून लख्ख दिसतं त्यांना," ताई म्हणाली, "तोवर घेऊन जा." आणि कढईतले अनरसे उलटायला वळली.

भाच्याने प्रथम एका सहल कंपनीचे गुळगुळीत पुस्तक आणले. दहा दिवसांत सात देश, रोज रात्री भारतीय जेवण. दरडोई अडीच लाखांच्या वर. दाजींनी बोट फिरवीत प्राग शोधून काढले. "घड्याळापाशी वीस मिनिटे, छायाचित्रांसाठी." त्यांनी पुस्तक मिटले.

"वीस मिनिटांत चंद्राचा काटा सरकलेला तरी कळेल का?"

म्हणून ठरले असे की, सात देश सोडायचे, एकच शहर धरायचे आणि कॉलेजातली पोरे जातात तसे पाठीवर पिशवी टाकून जायचे. मी ६३ वर्षांचा आणि दाजी ६८. हसणाऱ्यांनी हसावे. आमच्या आकुर्डीला दर वर्षी तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. दोन धोतरे आणि एक पडशी घेऊन पंढरी गाठणारी माणसे आम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. पाठीवर मावेल तेवढाच संसार न्यायचा, ही काही गोऱ्या पोरांनी लावलेली शोधविद्या नव्हे.

मात्र वारकऱ्याला व्हिसा लागत नाही. आम्हांला लागला. प्रत्येकी ९० युरो नुसती अर्जाची फी, म्हणजे नऊ हजारांच्या घरात, आणि शिवाय ३०,००० युरोंचा आरोग्यविमा. "एवढी किंमत आपली आयुष्यात कधी झाली नव्हती," दाजी विम्याचा कागद निरखीत म्हणाले. बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रे, राहण्याच्या जागेचा दाखला, असे एवढे बाड झाले की, मुलगी पाहायला जातानासुद्धा माणूस इतका उघडा पडत नाही. विमान आखातात बदलायचे, म्हणून तिकीट स्वस्त: दोघांचे मिळून एक लाख बारा हजार. ताईचे बेसनाचे लाडू रद्द झाले, कारण दुधातुपाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. भाजणी, मेतकूट आणि दाण्याची चटणी मात्र सुटली. होळीची पोळी खाऊन दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

उतरण्याची जागा म्हणजे आठ खाटांची एक खोली, वरखाली दोन-दोन. एका खाटेला रात्रीचे साडेचारशे कोरुना. झेक लोकांनी युरो घेतलेला नाही; त्यांचा कोरुना सुमारे चार रुपयांना पडतो, हा पाढा मी विमानातच पाठ केला होता. आमच्या वाट्याला आलेल्या दोन्ही खाटा वरच्या. दाजी शिडीकडे पाहत उभे राहिले, तोच खालच्या खाटेवरची एक ब्राझीलची मुलगी काही न बोलता आपले अंथरूण उचलून वर गेली. दुसऱ्या दिवशी मी सार्वजनिक स्वयंपाकघरात थालीपीठ लावले, त्यातले पहिले तिला दिले. ती "पिझ्झा?" म्हणाली. मी मान डोलावली. भाजणी इंग्रजीत समजावून सांगण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

प्रागमध्ये पासष्टी उलटलेल्यांना ट्रामला तिकीट नाही, जन्मतारखेचा कागद खिशात ठेवला की झाले. आमचे जावई परदेशातही जावईच ठरले! मी मुकाट्याने तिकीट काढी. 'श्कोडा' ह्या झेक शब्दाचा अर्थ 'नुकसान' असा आहे, हे भाच्याने सांगून ठेवले होते. त्यामुळे दर वेळी नाणी मोजताना दाजी शांतपणे "श्कोडा" म्हणत.

बाकी प्रागचे वर्णन मी करीत बसणार नाही. कार्लचा पूल फुकट आहे. १३५७ साली पाया घातलेला, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. किल्ल्याची आवारे फुकट आहेत. तिथले सेंट व्हीटसचे देऊळ १३४४ साली बांधायला घेतले आणि १९२९ साली पुरे केले, हे वाचल्यापासून आमच्या भागातल्या खणून ठेवलेल्या रस्त्यांविषयी माझे मत पुष्कळ निवळले आहे. पाय दुखेपर्यंत चालावे आणि कुठेही बसावे, एवढ्यावर त्या शहराचा दोन-तृतीयांश भाग पदरात पडतो.

पण आम्ही बसलो ते घड्याळापुढेच. पहिल्या दिवशी दाजी चौकात शिरले आणि मान वर करून उभे राहिले ते राहिलेच. गर्दीचे धक्के बाजूने येत आणि ते त्यांना आधी दिसत नसत. म्हणून मी डाव्या अंगाला खांबासारखा उभा. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला तिथे खेळ होतो. सापळ्याच्या रूपातला मृत्यू घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो. शेजारी पैशाची थैली हलवणारा एक कंजूष आहे. तो माझ्याकडे जरा ओळखीने पाहत असल्याचा मला भास झाला. सगळी गर्दी त्या बाहुल्यांकडे पाहत असते आणि कोंबडा आरवला की पांगते. दाजींनी बाहुल्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. दुपारी चारच्या ठोक्याला त्यांनी सूर्याचा काटा कुठे, चंद्राचा कुठे, हे पाठकोऱ्या कागदावर काढून घेतले. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा.

तिसऱ्या दिवशी शेजारी एक छत्रीवाला वाटाड्या आपल्या कळपाला गोष्ट सांगत होता. दाजींना इंग्रजी कळते, पण त्याचे उच्चार कळेनात. "काय म्हणतोय तो?"

मला जीभ उचलवेना. दंतकथा अशी की, हानुश नावाच्या उस्तादाने हे घड्याळ केले, आणि त्याने दुसऱ्या शहरासाठी असेच करू नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले. दाजी पुन्हा म्हणाले, "सांग की." मी सांगितले.

दाजी विचारात पडले. मग म्हणाले, "येडे की काय! बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार?"

मी घाईघाईने म्हणालो, "खोटी आहे ती गोष्ट. १४१० सालचा कागद सापडलाय. मूळ घड्याळ कादानच्या मिकुलाशनं केलं. हानुश पुढचा."

"म्हणजे केलं एकानं, नाव झालं दुसऱ्याचं." ते चष्मा पुसू लागले. "हे मात्र खरं वाटतं."

१९४५ च्या मे महिन्यात, युद्ध संपता संपता, हे घड्याळ जर्मनांच्या माऱ्यात जळाले होते आणि १९४८ साली पुन्हा चालू झाले, हेही मी सांगितले. "चालू कुणी केलं, त्यांची नावं आहेत का?" त्यांनी विचारले. प्रेषितांचे नवे पुतळे कोरणाऱ्या सुखार्दांचे नाव मला ठाऊक होते. चाकांवर काम करणाऱ्यांपैकी एकही नाव मला सांगता आले नाही.

चार वाजले. सूर्याचा काटा पहिल्या दिवशी होता तिथेच. चंद्राचा काटा मात्र मागे राहिलेला. दाजींनी कागद डोळ्यांसमोर अगदी मधोमध धरला, मग घड्याळाकडे पाहिले, मग पुन्हा कागदाकडे.

"दीड तासाच्या थोडं पुढं. गणितानं ९९ मिनिटं यायला पाहिजेत." आणि अर्ध्या मिनिटाने, "बरोबर चाललंय, बापू."

आम्ही पायरीवर बसून दाण्याची चटणी लावलेला पाव खाल्ला. त्या दिवशी संकष्टी होती हे आम्ही दोघेही साफ विसरलो होतो. पावणेपाचच्या सुमाराला मोबाइल वाजला. चिंचवडात सव्वानऊ झाले होते.

"अहो, दिसला हो चंद्र," ताई म्हणत होती. मागे मोरया गोसावींच्या देवळाकडून परतणाऱ्या रिक्षांचा आवाज येत होता. "तुमच्याकडे?"

दाजींनी वर पाहिले. तबकडीवर चंद्राचा अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा अजून क्षितिजाच्या रेषेखाली होता.

"इथं अजून वेळ आहे," ते म्हणाले. "तू जेवून घे."